उजेडाची मात्रा

(छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या स्मृती-व्याख्यानाचा मजकूर)



मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या शहरात एका दुपारी सावली नाहीशी होते. ‘शून्य सावलीचा दिवस’ म्हणून वर्तमानपत्रात फोटो येतो, शाळेतली पोरं गच्चीवर बाटली उभी करून बघतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम वीस अंशांवर राहतो, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो. दुसऱ्यांदा येतो तो जुलैत, पण तेव्हा बहुतेक ढग असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मेमधला मात्र माझ्या पक्का लक्षात राहतो. त्या सुमारास दवाखान्यात वांगाचे पेशंट वाढतात आणि बसायच्या आधीच विचारतात, “डॉक्टर, लेझरच्या किती सिटिंग लागतील?”

आजचा विषय या प्रश्नातूनच घेतला आहे. त्वचेचा रंग बिघडला, म्हणजे कुठे जास्त झाला किंवा कुठे गेला, तर हल्ली लेझर आणि निरनिराळे प्रकाश एकत्र वापरून उपचार करतात. जाहिरातीत त्याला ‘कॉम्बो’ म्हणतात. थाळीत दोन भाज्या असतात तसं लोकांना वाटतं: एकाने निम्मा डाग जातो, तर दोनांनी सगळा जाईल. हा हिशेब कुठे चुकतो ते सांगायला मी उभा आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या सरांपासून सुरुवात करतो. पेशंट आला की सर आधी ट्यूबलाइट बंद करायचे आणि त्याला उत्तरेच्या खिडकीपाशी न्यायचे. चेहरा उजेडाकडे, मग जरा तिरका, मग खाली. आम्ही शिकाऊ डॉक्टर घड्याळाकडे बघायचो, बाहेर दीडशे माणसं असायची. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प. रॉबर्ट वूड या अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञाच्या नावाचा हा दिवा ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश टाकतो. रंग वरच्या थरात असेल तर डाग त्यात आणखी काळा उठून दिसतो, खोल असेल तर आजूबाजूच्या कातडीत मिसळून जातो. कोडाचा डाग असेल तर तो खडूसारखा चमकतो. आपल्या सावळ्या कातडीवर ही परीक्षा नेहमीच स्वच्छ उतरत नाही, म्हणून आता सोबत डर्मोस्कोपचं भिंग लागतं. पण सरांचं म्हणणं साधं होतं. उजेडाने उपचार करायचे तर आधी उजेडात नीट बघायला शिका.

बघायचं काय, तर डागाचा पत्ता. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं आठवा. वर माळवद, खाली खोल्या, भिंतीत बळद. त्वचाही तशीच मजल्यांची. वरचा मजला म्हणजे बाह्यत्वचा, कागदाइतकी पातळ. रंग बनवणाऱ्या पेशी तिच्या तळाशी असतात. त्या मेलॅनिनचे बारीक कण, मेलॅनोसोम, तयार करतात आणि शेजारच्या पेशींना वाटतात. ज्यांना आपण गोरं म्हणतो आणि ज्यांना काळं, त्यांच्या त्वचेत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो कणांच्या आकारात, प्रमाणात आणि वाटपात. खालचा मजला म्हणजे अंतस्त्वचा, तिथे रक्तवाहिन्या. रंग चुकून या मजल्यावर सांडला की तो बळदातल्या धान्यासारखा वर्षानुवर्षं पडून राहतो.

वांगाचा पत्ता एक नसतो, खरी पंचाईत तिथे आहे. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर येणारे हे तपकिरी चट्टे कधी माळवदावर असतात, कधी खाली सांडलेले, बहुतेकदा दोन्हीकडे. शिवाय खालच्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात. ऊन, गरोदरपण, पाळणा लांबवायच्या गोळ्या, घराण्यातला वारसा, सगळ्यांचा त्यात हात. कापूस वेचणाऱ्या, निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर तो दिसतो आणि वाळूजच्या कारखान्यातून दुपारी स्कूटीवर घरी जाणाऱ्या मुलीच्याही.

आता लेझर. आइन्स्टाइन यांनी १९१७ साली त्याचं तत्त्व मांडलं आणि थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञाने काही वर्षांतच तो कातडीवर वापरून पाहिला. पण पहिली वीस-बावीस वर्षं म्हणजे बरीचशी भाजाभाजी होती. किरण रंगाला भाजायचा आणि शेजारलाही. १९८३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांचा एक निबंध आला आणि सगळा धंदाच बदलला.

त्यांची कल्पना आपल्या स्वयंपाकघरातली आहे. भाकरी उलटताना सराईत हात तव्याला लागतो आणि चटका बसत नाही, कारण उष्णता बोटात शिरायच्या आत बोट निघालेलं असतं. मेलॅनोसोम हा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान कण. मिळालेली उष्णता तो सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाच्या आत बाहेर टाकतो. मग लेझरचा ठोका त्याहूनही आखूड ठेवला, तर कण फुटतो आणि शेजाऱ्याला बातमी लागत नाही. क्यू-स्विच्ड लेझरचा ठोका साधारण पाच-दहा नॅनोसेकंदांचा. पाच नॅनोसेकंदांत प्रकाशही दीड मीटरच जातो, म्हणजे माझ्यापासून अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत. फुटलेल्या कणांचा भुगा मग शरीरातल्या झाडलोट करणाऱ्या पेशी उचलून नेतात. त्याला आठवडे लागतात, म्हणून दोन सिटिंगमध्ये अंतर.

दुसरी गोष्ट तरंगलांबी. तांबड्याच्या पलीकडे जावं तसं मेलॅनिन प्रकाश कमी शोषतं आणि प्रकाश खोल उतरतो. रुबी ६९४, अलेक्झांड्राइट ७५५, एनडी-याग १०६४ नॅनोमीटर. आपल्या वरच्या मजल्यावर मुळातच रंग भरपूर. तिथे अडकून न पडता खाली उतरणारा किरण हवा, म्हणून आपल्याकडे १०६४ ची चलती. काळ्या माणसाच्या कातडीला तो त्यातल्या त्यात कमी दुखावतो.

याचं सगळ्यांत देखणं काम बघायचं तर गोंदण काढताना बघावं. आजीच्या काळी हौसेने किंवा रीत म्हणून कपाळावर, हनुवटीवर, हातावर काजळीने गोंदलेलं असायचं. नात आता नोकरीच्या मुलाखतीला जाते, तिला ते नको असतं. काजळी म्हणजे कार्बन, बसलेला तळमजल्यावर, पत्ता अगदी स्पष्ट. काही सिटिंगमध्ये ते फिकट होत जातं. तसंच ‘नेव्हस ऑफ ओटा’चं. डोळ्याभोवती, गालावर एका बाजूला निळसर-करडा डाग, लोक त्याला जन्मखूण म्हणतात, आणि गावाकडे ग्रहणाची गोष्ट जोडतात. मासाओ ओटा या जपानी डॉक्टरांनी १९३९ साली त्याचं वर्णन केलं.   या डागाला पूर्वी चांगला उपाय नव्हता, आता क्यू-स्विच्ड लेझरने तो बहुतांशी जातो आणि सहसा परत येत नाही.

वांग मात्र परत येतो. गोंदण आणि ओटाचा डाग म्हणजे सांडलेला माल. एकदा उचलला की संपलं. वांग म्हणजे चालू कारखाना. माल कितीही उचला, यंत्रं रात्रंदिवस सुरूच. आणि उष्णता, सूज, जखम यांनी तो कारखाना आणखी जोरात चालतो. म्हणजे ज्या हत्याराने आपण रंग फोडतो, तेच हत्यार जरा जास्त झालं की रंग वाढवतं.

म्हणून ‘एकत्र उपचार’ आले. त्यांतला एक जोडीदार आयपीएल, तो लेझर नव्हे. झेनॉनच्या दिव्याचा तो लखलखाट, साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा सगळा पसारा एकदम, गाळण्या लावून हवा तेवढा घ्यायचा. त्याचा ठोका मिलिसेकंदांचा, म्हणजे लेझरच्या मानाने प्रचंड लांब. तो वरच्या मजल्यावरचा रंग आणि थोड्या रक्तवाहिन्या गाठतो. कोरियातल्या डॉक्टरांनी मिश्र वांगासाठी आयपीएल आणि कमी ताकदीचा १०६४ एनडी-याग जोडून पाहिले. एकाने माळवद, दुसऱ्याने तळमजला. फरक लवकर दिसतो. काहींनी रक्तवाहिन्यांवर काम करणारा पल्स्ड-डाय लेझर आणि मलमं जोडली. २००४ मध्ये अँडरसन आणि मॅन्स्टाइन यांनी फ्रॅक्शनल पद्धत आणली. तिच्यात सगळं शेत न नांगरता टोकणीसारखी बारीक छिद्रं पाडतात आणि मधली कातडी शाबूत ठेवतात, म्हणजे ती जखम भरून काढते.

या सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट एकच दिसते. जोडी जमवली ती प्रत्येकाची ताकद कमी करता यावी म्हणून. एका किरणाने दोन्ही मजले साफ करायचे तर त्याला इतकं तापवावं लागतं की घरच पेटतं. दोघांत काम वाटलं तर दोघंही मंद आचेवर चालतात. आपल्या बाजारात नेमकं उलटं होतं. एकाची पूर्ण मात्रा आणि वर दुसऱ्याची पूर्ण मात्रा. कोरियन गालावर ठरवलेले आकडे पैठणच्या गालावर जसेच्या तसे. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेचे प्रकार पाडायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यासमोर गोरी कातडी होती. पाचवा-सहावा प्रकार, ज्यात आपल्यातले पुष्कळ जण बसतात, नंतर जोडला गेला. आयपीएलच्या बाबतीत तर मी सावळ्या चेहऱ्यावर हात आखडताच घेतो. कानाजवळ एक छोटा ठिपका करून काही आठवडे वाट पाहिल्याशिवाय नाहीच.

हा हात आखडायला मी कसा शिकलो ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, माझ्याच दवाखान्यातली. एक शिक्षिका, दोन्ही गालांवर वांग. ‘टोनिंग’ नावाचा प्रकार तेव्हा नवा होता, कमी ताकदीचा १०६४, दर आठवड्याला. सहा सिटिंगमध्ये चेहरा छान उजळला. बाई खूश, मी त्याहून खूश. दहा झाल्या, बारा झाल्या. थांबायला हवं होतं, थांबलो नाही. चौदाव्या वेळी त्यांच्या गालावर तांदळाच्या कण्या विखुराव्यात तसे पांढरे ठिपके दिसले. किरणाने कारखान्यातले कामगारच दमवले होते. पांढऱ्यावर उपाय काय, तर अतिनील प्रकाशाचा शेक. आणि शेक दिला तर वांग काळवंडणार. एकाच गालावर काळाही आणि पांढराही, आणि माझ्या हातातलं प्रत्येक औषध दुसऱ्याचं विष. मी फक्त मशीन बंद केलं, त्यांना खरं काय ते सांगितलं आणि महिनोन्महिने वाट पाहिली. बरेचसे ठिपके भरले. काही भरले नाहीत.

आता पांढऱ्याकडे वळू, कारण प्रकाशाचं जुनं काम तिथलं आहे. अथर्ववेदात पांढऱ्या डागांसाठी रंग देणाऱ्या वनस्पतीला केलेली प्रार्थना आहे. आयुर्वेदातली बावची लावून उन्हात बसायचं, हा उपचार आजही खेड्यात चालतो. औषध आणि उजेड एकत्र करायची ही जगातली फार जुनी जोडी. तिचे फोडही मी पाहिले आहेत, मनगटापासून कोपरापर्यंत, कारण उन्हाला मोजमाप नसतं. १९४० च्या दशकात कैरोमध्ये अल मोफ्ती यांनी नाईलच्या काठच्या एका वनस्पतीतून त्याच जातीचं द्रव्य, सोरालेन, शुद्ध रूपात वापरलं. १९७४ साली हार्वर्डमधून सोरालेन आणि अतिनील-ए यांची जोडी, पूवा, सोरायसिससाठी पुढे आली. त्या निबंधावर चार नावं आहेत. एक आपले मधू पाठक. आणि पहिलं नाव जॉन पॅरिश यांचं, त्याच पॅरिश यांचं, ज्यांनी नऊ वर्षांनी रंग फोडणाऱ्या लेझरचं गणित मांडलं. आधी प्रकाशाची मात्रा मोजून द्यायला शिकलेला माणूस नंतर तीच मात्रा नॅनोसेकंदात मोजायला लागला, असं मला वाटतं.

आज कोडासाठी पूवाची जागा ३११ नॅनोमीटरच्या नॅरोबँड यूव्हीबीने घेतली आहे. आठवड्यातून दोन-तीनदा कपाटासारख्या मशीनमध्ये उभं राहायचं, काही सेकंदांपासून सुरुवात. लहान डागांवर ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर. रंग परततो तो केसांच्या मुळांतून, कारण राखीव रंगपेशी तिथे दडलेल्या असतात. पांढऱ्यात आधी तपकिरी टिंब दिसतं, आषाढाच्या पहिल्या पावसानंतर माळावर हिरवं दिसावं तसं. म्हणूनच बोटांची टोकं आणि ओठ हट्टी, तिथे केसच नाहीत. हट्टी डागांवर फ्रॅक्शनल लेझरने बारीक छिद्रं पाडून मग शेक देतात. छिद्रांमुळे मलम खोल उतरतं आणि जखम भरताना रंगपेशींना हालचाल करायला निमित्त मिळतं. इथेही लेझर तेवढाच, दार किलकिलं करण्यापुरता. मुख्य काम शेकाचं. आणि आजार स्थिरावलेला असावा लागतो, नाहीतर त्याच छिद्रांवर नवा डाग उगवतो.

कपाळाच्या मधोमध गोल पांढरा डाग घेऊन बाई आली तर मी मशीनकडे जात नाही, टिकलीचं पाकीट मागतो. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायन रंगपेशींनाच मारतं. गोंद सुटला नाही तर कुठलाच शेक पुरा पडणार नाही. कुंकवाकडे परत जा म्हटलं तर काही तरुणी हसतात, पण त्यांच्या आयांना पटतं.

डाग हा रोग म्हणून जेवढा छळतो त्याहून जास्त लोकांच्या नजरेने छळतो, हे या सभागृहात वेगळं सांगायला नको. लग्नाच्या वेळी लपवलेलं कोड आणि नंतर झालेली फारकत, ही प्रकरणं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतः कोड असताना ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा कोडावरचा चित्रपट २००६ सालचा. तो पाहून एका बापाने मुलीचा शेक थांबवू का असं मला विचारलं होतं. मी म्हटलं, तिलाच विचारा.

काळ्याच्या बाजूला नजर आणखी वाईट आहे, कारण तिथे औषध मेडिकलवर सुटं मिळतं. चेहऱ्याला लावायची एक तिहेरी ट्यूब असते. मूळ सूत्र क्लिगमन यांचं, १९७५ चं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. वैद्याच्या देखरेखीखाली काही आठवडे, असा तिचा बेत. आपल्याकडे ती गोरं व्हायचं क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावतात. कातडी पातळ, लाल, केस उगवलेले, आणि ट्यूब सोडली की आग. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मागितली की मिळतात. अशा चेहऱ्यावर लेझर मारणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. त्याहून भयंकर ते पारा घातलेलं क्रीम. अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं अशाच क्रीमने बिघडल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आपण वाचली. त्यांना काय हवं होतं? थोडा उजळ रंग.

इथून शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. पहिल्या लेण्यातली सावळी राजकन्या पाहा, काळ्यासावळ्या आणि गोऱ्या देहांना चित्रकाराने एकाच मायेने रंगवलं आहे. त्या भिंतींची कथा माझ्या विषयाची सख्खी बहीण. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास लोरेंझो चेकोनी या इटालियन तज्ज्ञाला बोलावलं. रंग सुटत होते, ते घट्ट बसावेत म्हणून त्यांनी वरून लाखेचा मुलामा दिला. हेतू चांगला, हात कुशल. पण लाख पुढे पिवळी पडत गेली आणि चित्रं झाकोळली. नंतरच्या पिढ्यांची वर्षं ती लाख काढण्यात गेली, बोटाएवढी जागा एका वेळी. आज तिथे मंद दिवे आहेत आणि फ्लॅशला बंदी आहे. त्या भिंतींपाशी मला माझी शिक्षिका पेशंट आठवते.

मग वांगाला काय करावं? आपल्या कातडीला निव्वळ दिसणारा प्रकाशही काळवंडवतो, विशेषतः त्याचा निळा-जांभळा भाग. हे गेल्या दीड दशकात नीट सिद्ध झालं. म्हणून नुसतं पांढरं सनस्क्रीन पुरत नाही, आयर्न ऑक्साइड मिसळलेलं, कातडीच्या रंगाचं हवं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि दुपारी पुन्हा. त्यावर सनकोट, स्कार्फ, छत्री. शेतात जाणाऱ्या बाईला मी सनस्क्रीन लिहून देत नाही, तिला ते परवडत नाही आणि घामात टिकत नाही. पदर कपाळावर ओढून वर टॉवेल बांध म्हणतो, आणि अकरा ते तीन बांधावरच्या लिंबाखाली बस म्हणतो. ती म्हणते, मुकादम बसू देईल का? या प्रश्नाला माझ्या कुठल्याच मशीनमध्ये तरंगलांबी नाही.

सावली जमली की मलमं, त्यांनी भागलं नाही तर काहींना ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. रक्तस्राव थांबवायचं हे औषध वांगावरही चालतं, हे जपानमध्ये १९७९ साली अचानक लक्षात आलं. पण रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर ते नाही. त्यानंतर लेझर आणि प्रकाश, दोघेही मंद, लांब अंतराने, मोजक्या सिटिंग, आणि शक्यतो दसऱ्यानंतर.

परवाच, ऐन उन्हाळ्यात, दुपारी दोनला एक मुलगी आली. सिडकोतून स्कूटीवर, स्कार्फ डिकीत, चेहरा लालबुंद. पुढच्या महिन्यात लग्न. पाच सिटिंगचं पॅकेज करा म्हणाली, पैसे रोख आणले होते. मी तिला खिडकीपाशी नेलं, बाहेर ऊन इतकं होतं की पडदा ओढावा लागला. मग पाणी दिलं आणि म्हटलं, “आज मशीन लावत नाही. स्कार्फ बांध, संध्याकाळी सहानंतर घरी जा.”

ती सहापर्यंत बसून राहिली.